चौथं पाणी : पिकती जमीन संस्कृतीला कशी बुडवते

सुमेरियन भाषेतला शेतीचा एक उपदेश मातीच्या पाट्यांवर लिहिलेला सापडला आहे. पाट्या साधारण ३७०० वर्षांपूर्वीच्या, बऱ्याचशा इराकमधल्या निप्पूर या जुन्या नगरातल्या. एक शेतकरी मुलाला वर्षभराची कामं सांगतो. शेतात पाणी सोडशील तेव्हा ते फार चढू देऊ नकोस, अवजारं वेळेआधी नीट करून ठेव, पाखरं हाकल. मग येते सातूची, म्हणजे जवाची पाणीपाळी. रोपांनी सरीचा तळ भरला की पहिलं पाणी, पीक वर आलं की दुसरं, मग तिसरं. आणि दाणा चांगला धरत असेल तर चौथंही दे, दहा सिलांमागे एक सिला जास्त मिळेल.

सिला हे साधारण लिटरभराचं माप. म्हणजे चौथ्या पाण्याने दहा टक्के जादा पीक. हा सल्ला आजच्या कुठल्याही शेतकऱ्याला पटेल. पाटात पाणी आहे, पीक उभं आहे, एक पाळी जास्त दिली तर दाणा भरतो. सल्ल्यात चूक काढायला जागा नाही, आणि म्हणूनच संस्कृती कशा कोसळतात हे समजून घ्यायला सुमेरइतकं, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या त्या प्राचीन संस्कृतीइतकं, चांगलं उदाहरण सहसा मिळत नाही. उधळ्या राजाची किंवा अडाणी प्रजेची इथे गरज पडत नाही. प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी बरोबर होतं. फायदा त्याच हंगामात आणि ज्याने पाणी दिलं त्याच्याच खळ्यावर आला. तोटा मात्र दोनशे-तीनशे वर्षांनी आला, तोही दुसऱ्यांच्या नातवंडांवर.

(अशा विषयात हमखास निघणारं, प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाचं उदाहरण इथे मुद्दाम घेतलेलं नाही. माणसांनी झाडं तोडली आणि स्वतःला संपवलं ही गोष्ट सांगायला सोपी आहे. पण २०२४ साली तिथल्या जुन्या अवशेषांचा डीएनए तपासला गेला, तेव्हा युरोपीय लोक येण्याआधी लोकसंख्या कोसळल्याची खूण त्यात मिळाली नाही. झाडं गेली हे खरं. माणसं त्यामुळे संपली हे मात्र आता ठामपणे म्हणता येत नाही.)

गोड पाण्यातलं मीठ

आधी एक हिशोब. नदीचं पाणी गोड लागतं, पण त्यात क्षार असतातच, कारण ते खडकांवरून आणि मातीतून वाहत आलेलं असतं. लिटरमागे ०.३ ग्रॅम क्षार असतील तर ते पाणी उत्तम समजलं जातं, पिण्यालाही चालतं. आता एका एकराला वर्षभरात मिळून दोन मीटर उंचीचं पाणी दिलं असं धरा. पाट भरून, मोकाट पाण्यावर घेतलेल्या उसाला एवढं सहज लागतं. दोन मीटर पाणी म्हणजे एकरी सुमारे ८० लाख लिटर. गुणाकार केला की २४०० किलो येतात. उत्तम पाण्यानेही वर्षाला एकरी जवळजवळ अडीच टन क्षार शेतात येऊन पडतात.

पीक पाणी ओढून घेतं, क्षार बहुतेक तिथेच सोडतं. ऊन पाणी उडवतं, क्षार उडत नाहीत. तेव्हा ते जायचे तर एकच वाट आहे : पिकाच्या गरजेपेक्षा थोडं जास्त पाणी देऊन त्यांना मुळांच्या खाली ढकलायचं. पाणी किती खारं आणि पीक किती नाजूक यावर हे जास्तीचं पाणी ठरतं. बऱ्यापैकी पाणी आणि उसासारखं पीक असेल तर दहा टक्क्यांच्या आसपास लागतं.

इथवर सगळं ठीक आहे. अडचण पुढच्या प्रश्नाने सुरू होते : खाली ढकललेलं पाणी जातं कुठे?

जमीन उताराची असेल, खाली मुरूम असेल, जवळ खोल ओढा असेल तर ते वाहून जातं. जमीन सपाट आणि चिकणमातीची असेल तर तिथेच साचतं आणि खालची पाण्याची पातळी वर चढवतं. ती किती झपाट्याने चढते हे पाहिल्याशिवाय या विषयातली मेख कळत नाही. चिकणमातीत पाणी सामावायला मोकळी जागा फार थोडी, शंभर भागांत पाचेक भाग. अशा जमिनीत अवघं दहा सेंटीमीटर पाणी खाली झिरपलं तर भूजल दोन मीटरने वर येतं. एका हंगामात चार पाळ्या जरा सढळ हाताने दिल्या की दहा सेंटीमीटर कधी झिरपले ते कळतही नाही.

भूजल जमिनीपासून दीड-दोन मीटरच्या आत आलं की खेळ उलटा फिरतो. दिव्यात वात जशी तेल वर ओढते तशी माती खालचं पाणी वर ओढते. वरचं ऊन ते उडवतं आणि पिढ्यान्‌पिढ्या खाली ढकललेले क्षार आता वरच्या वीतभर थरात जमू लागतात. उन्हाळ्यात सकाळी शेतात पांढरी खपली दिसते. माणसाला वाटतं, जमीन कोरडी पडली, पाणी द्यावं. पाणी दिलं की खपली विरघळते, शेत आठवडाभर बरं दिसतं आणि भूजल आणखी थोडं वर येतं.

दोन नद्या आणि नसलेला उतार

आता हा हिशोब तैग्रिस आणि युफ्रेटिस यांच्या मधल्या सपाटीवर मांडा. बगदाद समुद्रसपाटीपासून जेमतेम ३४ मीटर उंचीवर आहे आणि तिथून इराणच्या आखाताचं अंतर साधारण पाचशे किलोमीटर. किलोमीटरला दहा सेंटीमीटरही उतार पडत नाही. पाऊस वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि बाष्पीभवन दोन मीटरच्या वर. पाटपाण्याशिवाय इथे दाणा पिकत नाही आणि दिलेलं पाणी वाहून जायला वाट नाही.

त्यात नद्यांचं वेळापत्रक उलटं. या नद्यांना पूर येतो तो तुर्कस्तानातल्या डोंगरांवरचं बर्फ वितळल्यावर, एप्रिल-मे महिन्यात. तेव्हा पीक कापणीला आलेलं असतं, पाणी नको असतं. पेरणी शरद ऋतूत, तेव्हा नद्या सर्वांत रोडावलेल्या. म्हणून बांध, कालवे, दारं, साठवण, गाळ काढायला माणसं, माणसांना द्यायला धान्य आणि धान्याचा हिशोब ठेवायला कारकून. लिपीचा उगम बऱ्याच अंशी या हिशोबात आहे. उरुक नगरात इ.स.पू. ३३०० ते ३२०० च्या सुमाराला जे पहिलं लेखन दिसतं ते स्तोत्रांचं किंवा प्रेमपत्रांचं नाही. ते सातूच्या, मेंढ्यांच्या आणि बीअरच्या नोंदींचं आहे. उरुकची वस्ती इ.स.पू. २९०० च्या सुमारास चाळीस हजार किंवा त्याहून जास्त असावी असा अंदाज आहे. एवढी माणसं एका जागी राहू शकली ती पाटपाण्याच्या जोरावर.

यालाच काही अभ्यासक प्रगतीचा सापळा म्हणतात. पाटपाण्यामुळे धान्य वाढलं, धान्यामुळे माणसं वाढली, आणि माणसं वाढल्यावर पाटपाणी कमी करण्याची मुभा राहिली नाही. अतिउपभोग म्हटलं की मेजवान्या आणि सोन्याची ताटं डोळ्यापुढे येतात. सुमेरमधला उपभोग त्याहून साधा होता. तिथे जमिनीची क्षार रिचवण्याची क्षमता ती परत भरून येण्याच्या वेगापेक्षा लवकर खर्च झाली. कोठारात किती धान्य आहे हे सगळे मोजत होते. जमिनीखाली पाणी किती हातांवर आहे हे कुणाच्याही वहीत नव्हतं.

एका कालव्याची हकीकत मात्र नोंदलेली आहे. लगश आणि उम्मा ही दोन शेजारची नगरराज्यं. मधल्या सुपीक पट्ट्यावरून आणि पाण्यावरून त्यांचं भांडण पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. उम्मा वरच्या अंगाला, लगश खालच्या. वरचे पाणी अडवतात, खालचे बोंब मारतात. कालव्यावरचा हा वाद मराठी माणसाला समजावून सांगायला नको. इ.स.पू. २४०० च्या सुमाराला लगशचा राजा एनमेतेना याने वरच्यांची कटकटच मिटवली : थेट तैग्रिसमधून मोठा कालवा काढला. लगशला, आणि त्याच्याच राज्यातल्या गिरसू नगराला, आता हवं तेवढं पाणी मिळू लागलं. राजा म्हणून हा त्याचा मोठाच विजय होता. त्याच भागात पुढच्या तीनशे वर्षांत काय झालं ते बघा.

खपली गहू गेला, सातू राहिला

१९५८ साली थॉर्किल्ड याकोबसन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स या दोन अभ्यासकांनी जुन्या पाट्यांवरच्या नोंदी आणि, लेखनाच्या आधीच्या काळासाठी, मातीच्या भांड्यांवर उमटलेले दाण्यांचे ठसे एकत्र मांडले. इ.स.पू. ३५०० च्या सुमारास दक्षिण सुमेरमध्ये गहू आणि सातू जवळपास बरोबरीने घेतले जात. इ.स.पू. २५०० पर्यंत गव्हाचा वाटा एक षष्ठांशावर आला. इ.स.पू. २१०० मध्ये गिरसूला तो दोन टक्क्यांच्याही खाली गेला आणि इ.स.पू. १७०० पर्यंत दक्षिणेत गहू जवळजवळ संपला. इथला गहू बहुतांशी खपलीच होता, तोच जो कृष्णाकाठी अजूनही पिकतो आणि ज्याची खीर आपण खातो.

गहू का गेला? मातीतली क्षारता मोजायचं आजचं एकक आहे डेसिसायमन प्रति मीटर. आजच्या वाणांवर केलेल्या मोजण्या सांगतात की गव्हाचं उत्पन्न ६ पर्यंत टिकतं आणि नंतर प्रत्येक एककामागे सुमारे सात टक्क्यांनी घटतं. सातू ८ पर्यंत दम धरतो आणि पुढे पाच टक्क्यांनी उतरतो. क्षारता १० झाली तर गव्हाची २८ टक्के घट, सातूची १० टक्के. १४ ला पोचली तर गव्हाची ५७ आणि सातूची ३०. जुन्या खपलीचे आकडे हुबेहूब हेच असतील असं नाही, पण वळण हेच. शेतकऱ्याने प्रयोगशाळेशिवाय हे ओळखलं आणि सातू पेरायला लागला. पुन्हा बरोबरच निर्णय! फक्त त्याने दुखणं झाकलं गेलं. सोसणारं पीक मिळालं की जमीन बिघडते आहे हे आणखी शंभर वर्षं लक्षात येत नाही.

नंतर सातूही उतरला. त्याच अभ्यासातले आकडे : गिरसूला इ.स.पू. २४०० मध्ये हेक्टरी २५३७ लिटर, इ.स.पू. २१०० मध्ये १४६०, आणि जवळच्या लार्सा नगरात इ.स.पू. १७०० मध्ये ८९७. सातशे वर्षांत दोन तृतीयांश उत्पन्न गेलं. देवळाच्या मोजणीदारांनी आधी ज्या शेतांना निर्मळ म्हटलं होतं त्यांतल्या काहींमध्ये तीनशे वर्षांनंतरच्या दप्तरात खारट पट्टे दिसतात.

हे आकडे राज्याच्या पोटाशी लावून बघितले की त्यांचा अर्थ कळतो. उर या दक्षिणेतल्या नगराच्या तिसऱ्या राजवटीत, म्हणजे इ.स.पू. २११२ ते २००४ या काळात, सरकारी कामावरच्या पुरुषाला महिना ६० सिला सातू मिळे, बाईला साधारण ३०. पुरुषाचे वर्षाला ७२० लिटर झाले. पहिल्या आकड्याने एक हेक्टर साडेतीन पुरुषांचं वर्ष भागवतो, दुसऱ्याने दोघांचं, तिसऱ्याने सव्वा माणसाचं. यातून अजून बियाणं, बैलांचा चारा, नासधूस आणि गाळ काढणाऱ्यांचा शिधा वजा व्हायचा आहे. कालवा मात्र सव्वा माणसावर चालला काय आणि साडेतीनवर काय, त्यात गाळ तेवढाच येतो.

पडीक ठेवण्याची चैन

सुमेरच्या शेतकऱ्याकडे उपाय नव्हता असं नाही. होता, आणि चांगला होता : एक वर्ष पीक, एक वर्ष पडीक. पडीक वर्षी पाणी बंद, म्हणून भूजल खाली बसतं. त्यातच शोक आणि आगुल ही काटेरी झुडपं आपोआप वाढतात. आगुल म्हणजे आपल्याकडच्या जवाशाचा भाऊबंद. त्यांची मुळं फार खोल जातात, खालचा ओलावा ओढून काढतात आणि माती दोन-दोन मीटर कोरडी करतात. कोरड्या थरातून क्षार वर चढू शकत नाहीत. पुढच्या वर्षी पाणी दिलं की वरचे क्षार त्या कोरड्या थरात उतरतात आणि एक पीक सुखाने निघतं. ना पाईप, ना पंप, झाडाच्या मुळांनी केलेला निचरा. इराकमधल्या शेतकऱ्यांनी ही पद्धत विसाव्या शतकापर्यंत चालवली.

तिला लागतं एकच : दर वर्षी अर्धी जमीन रिकामी ठेवायची तयारी. आणि नेमकी तीच तयारी राज्य वाढलं की संपते. उत्पन्न घटतं, शिध्याचा आकडा घटत नाही. कोठाराला धान्य हवं म्हणून पडीक पाळी मोडून सलग पीक घेतलं जातं. दोन वर्षं कोठार भरतं, भूजल चढतं, उत्पन्न आणखी घटतं आणि मग पुढची पडीक पाळी मोडावी लागते. मॅग्वायर गिब्सन या पुरातत्त्वज्ञाने १९७४ साली हा मुद्दा मांडला, आणि मिठाइतकाच तो महत्त्वाचा आहे असं आम्हाला वाटतं. मीठ हे निमित्त; पडीक वर्ष सोसण्याची ऐपत गेली, तिथे खरं नुकसान झालं. लहान गाव एक वाईट वर्ष मेंढ्यांवर काढतं. ज्या राज्याच्या दप्तरातल्या पाट्या आजही लाखाच्या घरात सापडल्या आहेत, त्याला तशी सोय नसते.

शेवट कसा झाला? एका दिवसात नाही आणि एका कारणाने तर नाहीच. इ.स.पू. २२०० च्या सुमारास पश्चिम आशियात मोठा कोरडा काळ आला, उत्तरेकडची काही नगरं ओस पडली. उरच्या राजांनी पश्चिमेकडून येणाऱ्या अमोरी टोळ्यांना अडवायला लांबलचक भिंत बांधली. ती बांधायला आणि राखायला पुन्हा माणसं आणि पुन्हा धान्य. शेवटचा राजा इब्बी-सिन याच्या काळात धान्याचे भाव अनेक पटींनी चढले, प्रांत एकेक करून कर पाठवेनासे झाले आणि इ.स.पू. २००४ मध्ये पूर्वेकडच्या इलाम राज्याच्या सैन्याने उर लुटलं. तरुण, धष्टपुष्ट राज्य असे धक्के पचवतं. याच्याकडे पचवायला कोठारात काही उरलं नव्हतं. पुढे सत्तेचं केंद्र उत्तरेला बॅबिलोनकडे सरकलं आणि इ.स.पू. १७०० च्या आसपास दक्षिणेतली कित्येक नगरं जवळजवळ रिकामी झाली. माणसं नाहीशी झाली नाहीत. उत्तरेला गेली, मेंढ्यांमागे गेली, लहान वस्त्यांत राहिली. संस्कृती कोसळते म्हणजे बहुतेक वेळा एवढंच घडतं : मोठी नगरं, कर, दप्तर, दूरचा व्यापार हे परवडेनासं होतं.

मिठाच्या या सिद्धान्तावर आक्षेपही आहेत. मार्व्हिन पॉवेल यांनी १९८५ साली दाखवलं की ज्या शब्दांवरून ‘क्षार’ असा अर्थ काढला त्यांतले काही निसटते आहेत, उत्पन्नाचे आकडे वेगवेगळ्या प्रकारच्या नोंदींतून आलेत आणि क्षार धुवून काढायचं तंत्र सुमेरियनांना माहीत होतं. सातू वाढला त्याला इतरही कारणं असू शकतात. तो लवकर तयार होतो, त्याची बीअर होते. आक्षेप वजनदार आहेत आणि मिठाने एकट्याने सुमेर मारलं असं आता सहसा कुणी म्हणत नाही. क्षार धुवायचं तंत्र माहीत असणं आणि धुतलेलं पाणी न्यायला उतार असणं या मात्र दोन गोष्टी आहेत, आणि उतार त्या सपाटीवर आजही नाही.

तुलनेला इजिप्त घ्या. नाईलला पूर येई ऑगस्ट-सप्टेंबरात, पेरणीच्या अगदी आधी. पाणी शेतांच्या मोठ्या खाचरांत महिना-दीड महिना उभं राही, माती भिजवून क्षार घेऊन पुन्हा नदीत उतरे. उन्हाळ्यात नदी खोल जाई आणि तिच्याबरोबर भूजलही. वर्षाला एकच पीक, पण हे चक्र हजारो वर्षं चाललं. इजिप्शियन लोक जास्त शहाणे होते म्हणून नव्हे, नदीच तशी मिळाली म्हणून. एकोणिसाव्या शतकापासून त्यांनीही बारमाही पाणी आणायला सुरुवात केली, १९७० साली आस्वानचं मोठं धरण पुरं झालं, पूर बंद झाले, दोन-तीन पिकं निघू लागली आणि भूजल चढायला लागलं. मग लाखो एकर जमिनीखाली निचऱ्याचे पाईप टाकावे लागले. पूर जे काम फुकट करत होता त्याचं बिल आता दरवर्षी येतं.

निरेपासून कृष्णेपर्यंत

महाराष्ट्राचा यात खरोखर संबंध आहे, ओढूनताणून आणलेला नाही. निरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला तो दुष्काळी भागाला पाणी द्यायला. ऊस आला, आणि १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातले हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांना निरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. कालव्यापासून खारवट जमिनीपर्यंत जेमतेम पंचवीस वर्षं! विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यात असताना याच कालव्यावर ब्लॉक पद्धत (ठरलेल्या गटांतल्या जमिनीलाच, ठरलेल्या पिकांसाठी पाणी देण्याची) सुचवली, तिच्यामागे पाणी जपून वापरण्याबरोबर जमीन पाणथळ होऊ नये हाही विचार होता. आज सांगली-कोल्हापूरकडे, कृष्णा-वारणा-पंचगंगेच्या काठच्या काळ्याभोर जमिनीत, ‘क्षारपड’ हा शब्द शाळकरी पोरालाही माहीत असतो.

ऊस मुळात क्षाराला नाजूक. सातू ८ पर्यंत टिकतो तिथे उसाचं उत्पन्न १.७ पासूनच उतरायला लागतं. म्हणजे सगळ्यात जास्त पाणी आणि सगळ्यात कमी सोशिकता एकाच पिकात. बिघाडाच्या खुणा अशा दिसतात : उगवण तुटक होते, शेतात बांगडीसारखी मोकळी वर्तुळं पडतात, पानांच्या कडा करपतात, बांधाला लव्हाळा आणि पाणकणीस उगवतं, वैशाखात पांढरी खपली येते. पुढची पायरी वाईट. सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि जमीन चोपण होते. सामू (पीएच) साडेआठच्या वर जातो, जमीन ओली असताना साबणासारखी बुळबुळीत, वाळली की दगड, आणि पाणी वर तसंच तळं करून राहतं. खारवट जमीन धुता येते. चोपण धुता येत नाही, कारण पाणी खाली उतरतच नाही.

दुरुस्तीत क्रम चुकला की पैसे वाया जातात, आणि बहुतेक ठिकाणी क्रमच चुकतो. शेतकरी आधी जिप्समची पोती आणतो, कारण ती दुकानात मिळतात. पण जिप्समने सोडियम मोकळा झाला तरी तो वाहून जायला वाट नसेल तर तिथेच राहतो. म्हणून आधी एक-दोन मीटरचे खड्डे घेऊन पाणी किती खोलीवर लागतं ते वर्षातून तीन-चारदा बघायचं आणि एक फूट व दोन फूट खोलीवरची माती वेगवेगळी तपासायची. मग गावाचा ओढा किंवा नाला खोल करून मोठी चर मोकळी करायची. त्यानंतर शेतात सच्छिद्र पाईप : साधारण ८० मिलिमीटर व्यासाचे, वर गाळणीचं कापड गुंडाळलेले, एक ते सव्वा मीटर खोलीवर, दोन ओळींत वीस-तीस मीटर अंतर, आणि मोठ्या पाईपकडे अखंड उतार. या उताराला एका जागी पोट पडलं की तिथे गाळ बसतो आणि वरची पूर्ण ओळ निकामी होते; पाईप बुजवण्याआधी लेव्हल तपासली नाही तर ही चूक हमखास होते. पाईपचं तोंड नाल्याच्या नेहमीच्या पाण्याच्या वर हवं, नाहीतर पावसाळ्यात नालाच शेतात शिरतो. हे झाल्यावर, जमीन चोपण असेल तर माती तपासणीच्या आकड्याप्रमाणे जिप्सम, मग धैंचा हे हिरवळीचं खत पेरून दीड महिन्याने गाडायचं, मग पाणी साठवून धुवायचं. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने या जमिनींवर बरीच वर्षं काम केलं आहे, तिथली शिफारस आपल्या मातीसाठी विचारून घ्यावी.

आणि यात अभियांत्रिकीपेक्षा अवघड गोष्ट अशी की एकट्याच्या शेतात हे होत नाही. पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून जायला हवं. खालचा म्हणतो, तुझं खारं पाणी माझ्याकडे का? वरचा, ज्याच्या सढळ पाण्याने खालच्याची जमीन बसली, त्याचा ऊस अजून उत्तम असतो आणि तो वर्गणीला येत नाही. उम्मा आणि लगश चार हजार वर्षांनंतरही एकाच गटनंबरात भेटतात.

पाईपमधून निघालेलं खारं पाणी शेवटी नाल्यातून नदीतच जातं. खालचं गाव तीच नदी उपसून पाणी देतं, आता लिटरमागे ०.३ ऐवजी थोडं जास्त मीठ घेऊन.

इराकने या प्रश्नाला सर्वांत मोठं उत्तर दिलं. खाऱ्या पाण्यासाठी वेगळीच नदी खोदली. १९५० च्या दशकात काम सुरू झालं आणि १९९२ साली पुरं झालं : बगदादच्या बाजूने निघून दोन नद्यांच्या मधून आखाताकडे जाणारा, ५६५ किलोमीटर लांबीचा निचरा कालवा. लोक त्याला तिसरी नदी म्हणतात. नासिरिया शहराजवळ तो युफ्रेटिसच्या पात्राखालून सायफनने पलीकडे जातो, आणि उतार पुरत नाही म्हणून तिथे मोठाले पंप बसवावे लागले आहेत. प्राचीन उरचे अवशेष त्या पंपांपासून फार लांब नाहीत.